हौसाक्काचा खांब

हौसाक्का स्वयंपाकघरात शिरली की आधी खांबाला एक थाप मारायची. बैलाच्या पाठीवर मारावी तशी, भरघोस. मग पदर खोचायचा आणि मग स्टोव्हला हात लावायचा. नवा पाहुणा असला तर त्या आवाजानं दचकायचा. ती म्हणायची, "घाबरू नगा, त्यो आमच्या घरातलाच हाय. फकस्त जेवत न्हाई, एवढंच."

खांब खरोखरच घरातला होता, अगदी घराच्या पोटातला. नव्वद सालानंतर सांगलीत विश्रामबागेच्या पलीकडं भराभर इमारती उठत होत्या. त्यातल्याच एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही दोघी समोरासमोर राहायला आलो. बांधकाम अर्धं झाल्यावर आमच्या बिल्डरला कुठून अक्कल सुचली कोण जाणे, त्यानं जिना इकडचा तिकडं केला. त्यापायी आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधोमध एकेक खांब उभा राहिला. हौसाक्काच्या वाट्याला तर सगळा जामानिमाच आला. दारापासून ओट्यापर्यंत जिन्याचं तिरकं पोट उतरलेलं, कोपऱ्यात वरच्या मजल्यांचा सांडपाण्याचा जाडजूड पाइप आणि मधे हा खांब. घर बघायला येणारा प्रत्येक जण आत डोकावून परत जायचा. म्हणून तर ते घर तिला स्वस्तात मिळालं.

माझ्या खांबाचं मी काय केलं, तर त्याला फ्रीज टेकवून ठेवला आणि वरून फुलाफुलांचा पडदा सोडला. आलेल्या माणसानं "हे काय?" म्हणून विचारलं, की मी लगेच चहाचा विषय काढायची. हौसाक्काला माझी ती पडदानशीन बाई बघून हसू आवरेना. "वैनी, त्येला बुरखा कशाला? आडवा आलाय न्हवं? मग कामाला लावायचा त्येला!"

हे तिचं ठरलेलं वाक्य. वीज गेली, नळ आटला, गोदामातला मुकादम भांडायला उठला, काहीही झालं तरी "आडवा आलाय न्हवं?" म्हणून ती कंबर कसायची. मूळची ती माण तालुक्यातली. सासर-माहेर दोन्हीकडं शेरडं-मेंढरं आणि पावसाच्या भरवशावरचा जोंधळा. सांगलीत ती हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायची. संध्याकाळी परत आली की तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. आमच्या जिन्याच्या कठड्यावरसुद्धा तिचा पिवळा पंजा उमटलेला असायचा. नवरा तानाजीराव फौजेतून निवृत्त झालेला, एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहायचा. मिशा अशा, की चोरानं लांबूनच रस्ता बदलावा. पण वडिलांसमोर मात्र "जी आबा" याच्यापलीकडं त्या मिशीतून शब्द बाहेर पडत नसे.

आणि संकट आलं ते या आबांकडूनच.

घरभरणीला आबा गावाहून आले. उंच, ताठ, डोक्याला गुलाबी पटका. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि जिन्याच्या पोटाला डोकं आपटून पटका खाली पडला. आबा जागच्या जागी थिजले. पटका उचलून वर बघितलं तर जिना, समोर बघितलं तर खांब, कोपऱ्यात पाइप. त्या दिवसांत घरोघर वास्तूचं वेड शिरलं होतं. गावाकडच्या कुणा शहाण्यानं म्हाताऱ्याच्या कानात आधीच भरून ठेवलं होतं, की चुलीपाशी खांब असला की तो घरच्या कर्त्या माणसाला खातो. आबा म्हणाले, "उरावर खांब घिऊन रांधायचं? ह्या घरात मी घास उचलणार न्हाई." आणि खरंच, पुरणपोळीच्या ताटाला हात न लावता उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, "जोंधळ्याची मळणी झाली की परत येतो. तवर काय ते बघा. न्हाईतर घर सोडायचं अन् समद्यांनी गावी चलायचं."

"जी आबा," तानाजीराव म्हणाले.

त्या दोन शब्दांनी हौसाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. तिची एकुलती एक लेक सुरेखा नुकतीच अकरावी सायन्सला गेली होती. गावात शाळा दहावीपर्यंत. गावी परत जायचं म्हणजे पुस्तकं बांधून ठेवायची, आणि मग पोरीला कुठं उजवायचं एवढंच बोलणं उरणार. स्वतः हौसाक्काला तिसरीतच शाळेतून काढून शेरडांमागं धाडलं होतं. ती माझ्या ओट्याला टेकून बसली आणि म्हणाली, "वैनी, माझी पोरगी शेरडांमागं जायची न्हाई. खांब पाडता येत न्हाई, वरची समदी इमारत खाली यील. मग खांबाचंच कायतरी करायला पायजे."

पहिला बेत साधा होता. सगळं उजळून काढायचं, म्हणजे खांब डोळ्यांत खुपणार नाही. भिंतींना चुना दिला. खांबाला मात्र पिवळा रंग द्यायचं तिनं ठरवलं. सांगलीत राहून पिवळा रंग विकत आणायचा? छे! गोदामाच्या मालकाला विचारून तिनं झाडलोटीतली हळद पिशवी भरून आणली. रविवारची सकाळ होती. बादलीत चुना कालवला, डिंक घातला आणि सगळी हळद एकदम ओतली. मी दारात उभी राहून सूचना देत होते, तेवढंच माझं काम.

काठी फिरवली मात्र, बादली लालभडक!

आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो. हौसाक्काला वाटलं, अजून ढवळलं की पिवळं होईल. ढवळलं तर आणखीच लाल. वाळल्यावर उतरेल म्हणून तिनं खांबाला एक हात मारला. बाई गं, काय ते दृश्य! तानाजीराव ड्यूटीवरून आले आणि दारातच ओरडले, "अरे, खून हुआ क्या इधर?" आता बोला! कर्त्या माणसाला खाणारा खांब, आणि आम्ही त्याला रक्तासारखा रंगवून ठेवलेला. मला खरं सांगायचं तर हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. सुरेखा बिचारी पुस्तकात तोंड खुपसून बसली, पण पान काही उलटत नव्हती.

हौसाक्का जमिनीवर बसली. दोन्ही हातांच्या तळव्यांकडं बघत होती. एका हातावर हळद, दुसऱ्यावर ते लाल पाणी. आणि एकदम कपाळावर हात मारून हसत सुटली. "आगं माझ्या बया! वैनी, कुकू कशाचं करत्यात? हळदीला चुना लावूनच की! जलमभर हळदीत हात घालणारी मी, आन् मलाच ध्यान न्हाई!"

मग उठली आणि खांबाभोवती एक चक्कर मारली. परत एक मारली. चेहराच बदलला तिचा.

"खांब न्हवं ह्यो," ती म्हणाली. "ही मेढ हाय."

मी शहरातली. मला कुठली मेढ माहीत असायला? तिनं सांगितलं. खळ्याच्या मधोमध रोवतात तो खांब म्हणजे मेढ. मळणीला बैल तिच्याभोवती फिरतात. कामाला हात लावण्याआधी तिला हळदकुंकू वाहायचं. "मेढ मधी नसली तर खळं कसलं? नुसतं आंगण. आवं, धान्य जिथं पडतंय तिथं मधी खांब आसायलाच पायजे!"

तिथून पुढं तिला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. उजळायचं, लपवायचं, हे सगळं बाद. आता मिरवायचं! लाल खांबावर तिनं पांढऱ्या चुन्यानं एकामागं एक बैल काढले, खांबाला वळसा घालून चाललेले. शेवटच्याला जागा पुरेना, म्हणून तो आखूड झाला आणि शिंगं मागं वळली. मी म्हटलं, "अहो, हा तर बोकड झाला." "आसू द्या. आमच्या माणात बैलांपरीस शेरडंच लय." कोपऱ्यातल्या पाइपाला जागोजाग जोड होते. तानाजीरावांनी उरलेला ऑइलपेंट आणून त्या जोडांची पेरं केली आणि त्याचा जांभळट ऊस करून टाकला, वर शेंड्याला हिरवी पानं. जिन्याच्या पोटावर हौसाक्कानं जोंधळ्याची भरगच्च कणसं काढली, अगदी डोक्यावर लोंबणारी. गंमत म्हणजे ती कणसं दिसली की आत येणारा माणूस आपोआप वाकायचा. तेव्हापासून तिथं कुणाचं डोकं आपटलेलं मी पाहिलं नाही.

मळणी आटोपून आबा आले. मी मुद्दाम साखर मागायच्या निमित्तानं जाऊन बसले होते. तानाजीराव सावधान उभे. सुरेखा दाराला चिकटलेली. आबा या खेपेला बसायच्या तयारीनं आलेच नव्हते. पायांत वहाणा, हातात काठी, तसेच थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि थबकले.

समोर लालबुंद खांब, त्याच्याभोवती फिरणारे बैल, बुडाशी फरशीवर रांगोळीचं गोल रिंगण आणि रिंगणात सुपात ओतलेला जोंधळा.

"ह्ये काय गं?"

हौसाक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मेढ हाय मामंजी. खळ्यात आसती तशी."

आबांनी आधी खांबाकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. आणि गर्रकन वळून बाहेर चालू लागले. संपलं सगळं, असं मला वाटलं. "आबा..." तानाजीराव जन्मात पहिल्यांदाच "जी" विसरले.

आबा बाहेरच्या दाराशी गेले. वहाणा काढल्या. नीट भिंतीकडेला लावल्या. आणि अनवाणी परत आले.

"खळ्यात वहाणा घालून कोण जातंय का?" स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले. कणसं बघून वाकले, आत गेले, खांबाभोवती एक फेरा घातला, एकेका बैलावरून बोट फिरवलं. "ह्यो बैल हाय का बोकड?"

"बोकडच म्हना," हौसाक्का म्हणाली.

म्हातारा खदखदून हसला. खांबाला पाठ टेकून फतकल मारून बसला आणि म्हणाला, "वाढ."

भाकरी सुरेखानं वाढली. दुसरी मागून घेताना त्यांनी नातीला विचारलं, "साळा कवा भरती तुझी?" "कॉलेज आबा," ती पुटपुटली. "त्येच ते. चुकवू नगंस." हौसाक्का ओट्याकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी साखर न घेताच घरी आले आणि दार लावून मनसोक्त रडले. इतका आनंद मला माझ्या मुलाच्या निकालालासुद्धा झाला नव्हता.

पुढं तर तो खांब आमच्या इमारतीचं देवस्थानच झाला. जो बिल्डर आमच्याकडं नजर वर करून बघत नव्हता, तो नवी गिऱ्हाइकं घेऊन हौसाक्काचं स्वयंपाकघर दाखवायला आणू लागला. वर "आमच्याकडं असंच असतं" म्हणून सांगायचा! मीही पडदा काढला, फ्रीज सरकवला आणि हौसाक्काला बोलावलं. हळदीचा तो लाल रंग टिकायचा नाही, महिन्या-दोन महिन्यांत विटकरी व्हायचा, उडायचा. मग दर दसऱ्याला दोन्ही घरांत चुन्याच्या बादल्या भरायच्या. इमारतीतली झाडून सगळी पोरं ते पिवळ्याचं लाल होताना बघायला जमायची आणि रंग फिरला की टाळ्या वाजवायची.

सुरेखाचं लग्न ठरलं तेव्हा ती बी.एस्सी. होऊन हायस्कुलात शिकवत होती. पत्रिकेवर नावापुढं पदवी छापायचा हट्ट आबांचा. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, तरी पत्रिका हातात धरून येईल त्याला "वाच, पोरीच्या नावाफुडं काय हाय?" म्हणायचे. तर लग्नाच्या आधी मुहूर्तमेढ रोवायची वेळ आली. आणि लागलं भांडण. खाली सगळीकडं फरशी, आणि ती फोडू द्यायला सोसायटीचे सेक्रेटरी काही केल्या तयार होईनात. कुणी म्हणालं, बादलीत वाळू भरून त्यात रोवा. सुरेखाची आत्या कडाडली, "बादलीत मेढ? बादलीत कोथमीर लाव जा!" हळदीकुंकवाची ताटं हातात धरून सगळ्या बायका उभ्या.

खाटेवर बसलेल्या आबांनी काठी आपटली. "कशाला भांडताय रं? मेढ रवायची म्हंजी काय? हाय की रवलेली. समदी इमारत धरून हुबी हाय ती!"

तानाजीरावांनी हाताला धरून त्यांना आत नेलं. कणसांपाशी आल्यावर दिसत नसतानाही आबा बरोबर वाकले. त्याच सकाळी हौसाक्कानं खांबाला ताजा हात दिलेला होता, बैल नव्यानं उमटले होते, बोकडासकट. ज्या घरात घास उचलणार नाही म्हणाले होते, त्या घराच्या खांबाला आबांनी स्वतःच्या हातानं आंब्याचा डहाळा बांधला. आधी तळवा फिरवून खांब चाचपला, त्याला हळदकुंकू लावलं आणि पाया पडले. हातात ताट असूनही मी टाळी वाजवायला गेले आणि अर्धं कुंकू माझ्याच साडीवर सांडलं.

पाठवणीच्या वेळी हौसाक्का दारात पदर तोंडावर धरून रडत होती. एवढी कणखर बाई, पण कुणाला आवरेना. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर सुरेखा एकटीच आत गेली. आतून थाप ऐकू आली. भरघोस, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

हौसाक्काचं रडणं जागच्या जागी थांबलं. डोळे पुसून माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंसा का वैनी? आक्षी माझ्यासारखीच मारली."