उशाकडचा गोट

माझ्या माहेरी, अमरावतीला, गोधडीच्या कडेचा गोट चारही बाजूंनी एकाच कापडाचा असायचा. आई त्यासाठी कापड उरेब, म्हणजे तिरपं धरून कापायची. तिरपी पट्टी थोडी ताणली जाते, म्हणून कोपऱ्यावर चुण्या न पडता वळते. गोट बिघडला तर आतल्या टाक्यांना कुणी विचारत नाही, असं ती म्हणायची आणि कोपरा फुगला तर मला मुकाट्यानं उसवायला लावायची. लग्न होऊन अकोल्याला आले, तर इथल्या गोधड्यांना तीन बाजूंनी एक गोट आणि चौथ्या बाजूला भलताच. मला वाटलं, भिक्षुकाचं घर, कापड पुरलं नसेल. सासूबाईंना विचारायचं नव्या सुनेला धाडस झालं नाही. पुढे त्या गेल्या आणि विचारायचं राहूनच गेलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोठी कामं त्यांनी सोडली, पण गल्लीतल्या काही घरांचा सत्यनारायण अजून त्यांच्याशिवाय होत नाही. पूजेच्या दिवशी ते सकाळपासून ताठ चालतात. नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि सुनेच्या हातचा चहा कसा झाला हे सांगितल्याशिवाय तो त्यांच्या घशाखाली उतरत नाही. माझाही स्वभाव काही कमी नाही. त्यामुळे घर कधी सामसूम नसतं.

मागच्या थंडीच्या तोंडावर मी त्यांची गोधडी काढली. सासूबाईंच्या हातची होती, गोट सगळा झिजलेला. विरलेली कड मला बघवत नाही. उशाकडचा गोट त्यांच्याच लुगड्याच्या रुईफुली काठाचा होता, तो उसवता उसवता हातातच सुटला. मी बाजारातून चॉकलेटी सॅटिन आणलं आणि चारही बाजूंनी लावलं, माहेरच्यासारखं. कोपरे असे बसले की आईनंही नाव ठेवलं नसतं. मामंजींसमोर गोधडी पसरली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी कडेवरून हात फिरवला.

"गुळगुळीत आहे," म्हणाले. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कटकट सुरू झाली. "हे माही गोधडी नाही," म्हणायला लागले. "माही कुठं ठेवली?" अकोल्याच्या थंडीत ते जुनी पातळ चादर घेऊन झोपू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हटलं आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतीच बोलले.

माझे यजमान वकील आहेत. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि निकाल दिला. "बाबा विसरायला लागले. स्वतःची गोधडी ओळखू येत नाही त्यांना. आता पूजाबिजा बंद करायला पाहिजे. उद्या कुणाच्या घरी भलतंच काही म्हणून बसले तर आपलीच शोभा." उंटावरून शेळ्या हाकणं कोर्टात चालत असेल, घरात मला ते सहन होत नाही.

खरं काय ते एका दुपारी कळलं. मी वाळलेले कपडे घेऊन अंगणातून आत आले. मामंजी खाटेवर बसून गोधडीची कड बोटांतून सरकवत होते, जपाची माळ ओढावी तशी. एक बाजू, मग दुसरी, मग फिरून पहिली. शेवटी त्यांनी ती घडी करून बाजूला ठेवली आणि माझ्या मुलीची जुनी गोधडी ओढली. तिच्या कडेवर बोट फिरता फिरता थांबलं, जिथं सासूबाईंनी वेगळा काठ लावला होता तिथं. क्षणात गोधडी सुलट झाली, अंगावर गेली. मी समोरच उभी होते. त्यांनी माझ्याकडे तोंड करून विचारलं, "कोन आहे?"

"मी आहे," म्हटलं आणि कपडे खाली ठेवले. मुलगी लहान असताना हेच मामंजी तिला म्हणायचे, "पायाची बाजू तोंडावर घेतली व पोरी, फिरव." चौथ्या बाजूचा वेगळा गोट उशाची बाजू ओळखायला होता. कापड पुरलं होतं. आणि डोळे गेल्यावर ते त्याच काठावर निभावत होते. पूजेत पोथी समोर उघडी असायची ती दाखवायला, म्हणणं सगळं पाठ. मीच त्यांच्या हातातला तेवढा आधार उसवून टाकला होता.

यजमानांना सांगावं तर पूजा बंद होणार, आणि पूजा गेली की मामंजींचं काय राहणार. न सांगावं तर डोळ्यांचं काय? मला काही सुचेना. म्हणून जे येतं ते करायला घेतलं. कापडाच्या दुकानात डोळे मिटून तागे चाचपू लागले. दुकानदारानं विचारलं, "ताई, चक्कर येऊन राहिली काय?" मी डोळे न उघडता नाही म्हटलं.

घरी येऊन खण, खादी आणि मखमल, तिन्हींच्या पट्ट्या मामंजींच्या मांडीवर ठेवल्या. रंगाचं विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं. म्हटलं, "मामंजी, सॅटिन घसरते. यातलं कोणतं बोचत नाही ते सांगा बरं."

त्यांनी मखमल लगेच बाजूला केली. खादीवर थोडे रेंगाळले. खणाच्या बारीक नक्षीवरून अंगठा दोनदा गेला.

"हे उशाले लाव," ते म्हणाले.

मी उशाचं नावही काढलं नव्हतं. मग त्यांनी ती पट्टी डोळ्यांजवळ नेली, खाली आणली आणि अगदी हळू विचारलं, "रंग कोन्ता आहे, सूनबाई?"

"जांभळा," मी म्हटलं.

"मंग चांगला दिसत असंन." पट्टी त्यांनी मांडीवर सरळ केली. "डॉक्टरकडं तूच ने मले. आपल्या वकिलाले काही सांगू नको अजून. तो पूजा बंद करते."

"कोण बंद करते बघू," मी म्हटलं. "पूजेले मी येत जाईन तुमच्यासोबत. पोथीची पानं मी उलटीन."

"वेळेवर उलटजो," मामंजी म्हणाले, "नाई तं लोकाईले समजंन."