पालखी न येणाऱ्या दारचा

“तुझ्या दारी पालखी येते का?” अण्णांनी विचारलं.

मी बॅग घेऊन उंबऱ्यात उभा होतो. ही सलवातली आमच्या गावच्या मंडळाची खोली. गावचा कुणी कुवेतमध्ये उघड्यावर पडला, तर काम मिळेपर्यंत त्याला इथं ठेवायचं, असा मंडळाचा नियम. माझी कंपनी बंद पडली होती. आम्ही कामगार राहायचो त्या शुवैखच्या कॅम्पला कुलूप लागलं होतं. बाहेर जुलैचं ऊन. बाकीची पोरं कामावर गेलेली. आत दोन खाटा रिकाम्या होत्या, मला दिसत होत्या.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर फिरते. आमच्या बौद्धवाडीकडे ती कधी वळली नाही. आम्हीही बोलावली नाही. तो देव आम्ही आज्यापासून सोडलाय. अण्णा मोठे इंजिनियर, मंडळाचे अध्यक्ष. त्यांना हे ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

“नाही येत.”

“मग तू मंडळाच्या गावात बसत नाहीस. तुमच्या लोकांचं काही असेल इथं, तिकडे बघ.”

त्या खोलीतला एसी मी बसवलेला. बिघडला की फोन यायचा, “गाववाल्या, जरा येऊन जा.” शुक्रवारची सुट्टी मोडून जायचो. परमुलखात कुणी गाववाला म्हणतंय, याचंच अप्रूप. मूर्ख होतो मी. गरज सरो, वैद्य मरो.

पण अण्णांचं सोडा. खाटेवर सुभाष बसला होता. शाळेत आम्ही एका बाकावर. तो कुवेतला आला तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. मी त्याला माझ्या खाटेवर निजवलं आणि स्वतः लादीवर झोपलो. तेव्हा त्याला माझी वाडी आठवली नव्हती. आज तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. अण्णांचा राग आला. सुभाषचं मात्र काळजाला लागलं.

मी जिना उतरू लागलो तसा तो मागून धावत आला. वाटलं, भांडून आला.

“आरं, अण्णांना मनवलंय मी,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “पोरांनी इचारलं तर मधलीवाडीचा हाय म्हनून सांग. कुनाला काय कळतंय? जेवन तेवढं भायेरून आन. भांड्यांना हात नको, अण्णा म्हनले.”

क्षणभर मी डगमगलो, बोलावं का एवढं खोटं? उन्हानं अंगाची लाही होत होती. मग आई डोळ्यांपुढे आली, त्याच वाडीत राहणारी. छपरासाठी तिचं घर पुसून टाकू?

“मधलीवाडीत तुझं घर,” मी म्हणालो. “माझं बौद्धवाडीत. जा, सांग अण्णांना.”

शुवैखच्या एका गॅरेजात नेपाळी मेकॅनिकनं पथारीपुरती जागा दिली. त्यानं गाव विचारलं नाही. पत्र्याखाली झोप लागायची नाही, पण मान ताठ होती. पुढे काम मिळालं. आता अर्दियात राहतो.

मेमध्ये सुट्टीवर जातोय. ग्रामसभेत उभा राहणार आहे. बौद्धवाडी या गावात आहे की नाही, एवढंच विचारणार. उत्तर सगळ्यांसमोर पाहिजे, दबक्या आवाजात नको. सुभाषही तेव्हा गावी असणार आहे. उत्तर द्यायला पहिल्यांदा त्यालाच उभा करणार.