अक्कांनी फोन करणं सोडलं

बढतीवर माझी बदली चेन्नईला झाली, तेव्हा मला तमिळचं एक अक्षरही येत नव्हतं. नवरा आणि मुलगी सांगलीत राहिले. वेस्ट मांबलमच्या शाखेत मी अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी एक म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे उभे राहून तमिळमधून रागावू लागले. शेजारच्या पेन्शनच्या काउंटरवरून एक बाई उठून आल्या. त्या गृहस्थांना दोन शब्दांत शांत केलं आणि मला म्हणाल्या, "घाबरू नको. पासबुकात एन्ट्री करून हवीय, एवढंच म्हणतात ते."

मराठी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांचं घराणं तंजावरकडचं. शब्द जुने, हेल मात्र पुरता तमिळ. सगळी शाखा त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. हुद्द्याने मी वरची, म्हणून चारचौघांत त्या मला 'मॅडम' म्हणत. दोघीच असलो की 'अगं'.

अक्कांची नोकरी बत्तीस वर्षांची. बढती घेतली तर बाहेरगावी जावं लागेल, म्हणून दोनदा नाकारलेली. हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात जे पेन्शनर यायचे नाहीत, त्यांना त्या स्वतःहून फोन करत. कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं, तर आमच्यापैकी कुणाला तरी सोबत घेऊन घरी जात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हाचे मॅनेजर दुपारी आमच्यातच डबा उघडून बसायचे. कुणाच्या घरी आजारपण असलं, तर 'तू जा' म्हणून स्वतः काउंटरवर बसायचे. त्या दिवसांत संध्याकाळी पाचला उठायची घाई कुणालाच नसे.

ते निवृत्त झाले आणि नवे मॅनेजर आले. वय छत्तीस-सदतीस. जेवणाच्या खोलीची त्यांनी मीटिंगरूम केली, मग आम्ही आपापल्या जागी पाठ वळवून डबे खाऊ लागलो. रोज सकाळी मीटिंग. विम्याच्या पॉलिसी कुणी किती विकल्या, ते सगळ्यांसमोर विचारायचे. ज्याची एकही नाही त्याने उभं राहायचं. वाईट माणूस होता असं नाही म्हणणार. दुपारी विभागीय कार्यालयाचा व्हिडिओ कॉल आला की काचेच्या केबिनमध्ये तेही उभे असायचे, मान खाली घालून.

एकदा एक्याऐंशी वर्षांच्या एक विधवा बाई पेन्शन काढायला आल्या. मॅनेजरांनी खुणेने अक्कांना सांगितलं, यांना पॉलिसी द्या. अक्कांनी बाईंना पैसे दिले, हात धरून पायऱ्या उतरवल्या आणि परत येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मॅनेजरांनी अक्कांना उभं केलं. इंग्रजीत विचारलं, "बत्तीस वर्षं पगार घेताय ना बँकेचा? मग बँकेसाठी एवढंही करता येत नाही?"

"सर, त्यांना ती पॉलिसी कशाला?" अक्का म्हणाल्या. "त्या माझ्यावर विश्वास ठेवून सही करतात."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्या अधिकारी. यांचं बरोबर आहे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. सांगलीच्या बदलीसाठीचा माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलेला होता. मी म्हटलं, "सर, टार्गेट तर पूर्ण व्हायलाच हवं."

अक्का खाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून दोघीच असलो तरी मी 'मॅडम' झाले. अक्का ठोक दहाला येत, ठोक पाचला जात. कामात कधी चूक नाही, कुणाला कधी उलट बोलणं नाही. पूर्वी 'आपली बँक' म्हणायच्या, आता 'तुमच्या बँकेत' म्हणू लागल्या. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. "काम आहे का काही, मॅडम?" एवढंच विचारायच्या.

नोव्हेंबर गेला. जानेवारीत एका निवृत्त मास्तरांची मुलगी आली. वडील अंथरुणाला खिळलेले, दाखला राहिला म्हणून पेन्शन थांबलेली. "दरवर्षी इथून फोन यायचा," ती तमिळमध्ये म्हणाली. एव्हाना मला तेवढं कळत होतं. "यंदा आला नाही, म्हणून आमच्याही ध्यानात राहिलं नाही."

ती गेल्यावर मी विचारलं, "अक्का, तुम्ही फोन नाही केलात?"

"ते माझ्या कामात लिहिलेलं नाही, मॅडम." असं म्हणून त्यांनी पुढचं टोकन पुकारलं. पण संध्याकाळी त्या एकट्याच त्या मास्तरांकडे गेल्याचं मला नंतर कळलं.

मार्चमध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी मॅनेजरांनी मीटिंगमध्येच पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, आणि लगेच आकडे विचारायला सुरुवात झाली.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. "अक्का, त्या दिवशी मी चुकले."

त्या म्हणाल्या, "अगं, तुझं पोर तिकडं. तू काय करणार होतीस? मला वाईट वाटतं ते माझंच. त्या मास्तरांनी माझं काय वाकडं केलं होतं? राग बँकेचा आणि सोसलं त्यांनी." पुष्पगुच्छ त्यांनी माझ्याच हातात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

महिनाभराने त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पेन्शनचं खातं दूर तांबरमच्या शाखेत हलवायचं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरापासून जवळ.' त्यांचं घर आमच्या शाखेपासून दोन गल्ल्या सोडून होतं. मी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.

माझी बदली पुढच्या वर्षी झाली. आता सांगलीत आहे. वेळेवर जाते, वेळेवर येते, काम नीट करते. मुलगी कधीतरी विचारते, तुला तुझी बँक आवडते का. मी म्हणते, नोकरी चांगली आहे.