बिरड्याचे वाल

रोह्यात माझे तक्रारअर्ज टंकित करणाऱ्या बाई गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवतात. शेजारणींचे वाल त्यांनी इंटरनेटवर विक्रीस ठेवले, तेव्हा 'द्विदल कडधान्य' हेच विधिसंमत वर्णन असल्याचे मी त्यांना ठणकावून सांगितले आणि त्यांनी तेच लिहिले. महिनाभर एकही मागणी आली नाही; पोती तशीच राहिली.

"काका, वाल कोर्टाला नाय विकायचेत. काकू दुकानात काय मागायच्या?"

"बिरड्याचे वाल." दिवंगत पत्नीचा शब्द मी कित्येक वर्षांनी उच्चारला.

"मग मुंबईची बाई पण तेच शोधणार!"

शब्द बदलताच आठवड्यात मागण्या आल्या. काल माझ्या अर्जाच्या विषयातील 'जलनिःसारण' खोडून मी स्वतः 'गटार तुंबले आहे' असे लिहिले.

"आता कळलं नाय म्हणायची साहेबाची सोय गेली," त्या हसल्या.