अनिताबाईंनी मांडलेला प्रार्थनेचा विषय

लोणावळ्यातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात अनिता साबळे गेली सतरा वर्षं चादरी आणि टॉवेल सांभाळते. पाहुणे गेले की खोल्यांमधली गाठोडी तिच्याकडे येतात, आणि ही बाई एकेक चादर उजेडात धरून बघते. कुठला डाग चहाचा, कुठला मेंदीचा, कुठला धुऊन लपवायला गेलेला, सगळं बिनचूक सांगते. एकदा एका अगदी सोज्वळ जोडप्याच्या बॅगेतून तिनं हॉटेलचे चार टॉवेल काढून दाखवले. मॅनेजरनं सगळ्यांदेखत शाबासकी दिली आणि तिथंच घोटाळा झाला. तेव्हापासून बाईंना वाटायला लागलं, आपल्याला माणसंही अशीच ओळखता येतात.

अर्थात सगळा दोष शाबासकीचा नाही. तिचा नवरा भला माणूस होता, रेल्वेत होता. पोटात दुखतंय हे त्यानं वर्षभर तिला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. ज्या घरात असं घडतं तिथली बाई पुढं प्रत्येक बंद कपाट उघडून बघणारच. अनिता बघायची. मुलीचं दप्तर बघायची, मोबाईल बघायची, कपड्यांचा वास घ्यायची. एकुलती एक कोमल हे सगळं मूग गिळून सहन करायची, आणि सोमाटण्याजवळच्या फार्मसी कॉलेजात नंबर लागला तेव्हा हॉस्टेलला जाताना, खरं सांगायचं तर, तिच्या पायांना जरा जास्तच घाई होती.

त्या वर्षी चर्चमध्ये दृढीकरण होतं. लहानपणी आईबापांनी बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेली वचनं मुलं मोठी झाल्यावर स्वतःच्या तोंडानं पुन्हा देतात, बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि मग त्यांना प्रभुभोजनाला बसता येतं. बिशप काही दर वर्षी येत नाहीत. मागच्या खेपेला कोमल गोवरानं आजारी पडली होती, आता हुकलं तर आणखी तीन-चार वर्षं गेली. अनितानं पांढरी साडीसुद्धा आणून ठेवली होती.

आणि नेमक्या त्याच महिन्यात कोमल शनिवारी घरी आली ती भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून. जेवताना बाही वर सरकली. मनगटाला जांभळा धागा, त्याला तीन गाठी.

“हे काय?”

“काही नाही, सर्कलचं आहे. आमच्या हॉस्टेलचं.”

मग एकेक बाहेर आलं. पंधरा मुलींचं सर्कल. वरच्या वर्गातली ताई, खालच्या वर्गातली तिची धाकटी. नवी मुलगी आत घेताना दार लावून मेणबत्ती पेटवतात. कोमलची ताई हुमेरा, वडगावची.

“दार लावून करता काय?”

“बोलतो.”

“काय बोलता?”

“ते बाहेर सांगायचं नाही. शब्द दिलाय.”

झालं. शब्द म्हणजे शपथ, शपथ म्हणजे दुसऱ्या कशाची तरी भक्ती, असा हिशोब अनितानं भाजी वाढता वाढता करून टाकला. प्रभूनं साफ सांगितलंय, शपथ वाहूच नका, हो तर हो म्हणा, नाही तर नाही. आणि बहिणीच हव्या होत्या तर चर्चच्या मंडळीत काय कमी होत्या? बाप्तिस्म्यानं मिळाल्या त्या बहिणी. ह्या दार लावणाऱ्या कुठल्या?

“मंडळीतली एक तरी आली होती का मला डेंग्यू झाला तेव्हा?” कोमल म्हणाली. “हुमेरानं दवाखान्यात नेलं.”

अनिताचा हात थांबला. “डेंग्यू? कधी?”

“जुलैमध्ये. तुला सांगितलं असतं तर तू कॉलेजच सोडायला लावलं असतंस.”

पुन्हा एकदा तिच्या घरातलं माणूस आजारी होतं आणि तिला पत्ता नव्हता. दुसरी एखादी आई रडली असती, पोरीला जवळ घेतलं असतं. हिला राग आला, आणि तो राग त्या सर्कलवर गेला, कारण आजारपण लपवायला पोरीला त्यांनीच शिकवलं असणार. पोर आपल्याला का घाबरते, हा प्रश्न बाईंच्या डोक्याच्या आसपाससुद्धा फिरकला नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी रतनबाई खरातांकडे बायकांची घरसभा असायची. रतनबाई चर्चच्या स्त्री संघाच्या अध्यक्ष, अनिता सेक्रेटरी. गीत झालं, बायबलमधलं वचन झालं की प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय मांडायचा. कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाच्या नातवाचा व्हिसा. आता मंडळीतल्या कुणालाही विचारा, खाजगीत विचारा, प्रार्थनेचा विषय म्हणून जे सांगितलं जातं ते चहाच्या टपरीवर सांगायला माणूस दहादा विचार करेल. पण डोळे मिटलेले असले की चहाडी चहाडी वाटत नाही.

अनितानं विषय मांडला. धागा सांगितला, गाठी सांगितल्या, बंद दार, मेणबत्ती, शपथ, ती वडगावची ताई, डेंग्यूसुद्धा सांगितला. सांगताना रडली, आणि ते रडणं अगदी खरं होतं.

“गुप्त मंडळ म्हंजे लय वाईट गं बाई,” रतनबाई म्हणाल्या. “आमी उपास धरू तिच्यासाठी.”

त्यांनी उपास धरला की नाही देव जाणे, पण रविवारपर्यंत बोभाटा मात्र झाला. दृढीकरणाच्या वर्गाला आलेल्या कोमलला चर्चच्या पायरीवर तिघांनी विचारलं, “सोडलंस का ते?” चौथे विचारणारे पंच होते, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. ते म्हणाले, आधी तिथून नाव काढ, मग आमच्या दृढीकरणाच्या यादीत राहील. कोमलनं लांब उभ्या असलेल्या आईकडे एकदा बघितलं, आणि वर्ग संपल्यावर घरी न येता परस्पर स्टेशनवर गेली. त्यानंतर तिनं फोन उचलला नाही.

मंगळवारी सुट्टी होती. अनिता डबा घेऊन सोमाटण्याला हॉस्टेलवर पोचली. कोमल प्रॅक्टिकलला गेलेली. खाली आली ती हुमेरा. ठेंगणी, चष्मा लावलेली, हाताला ॲसिडचे पिवळे डाग. तिनं काकूंना खुर्ची दिली, चहा आणून दिला. अनितानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हॉटेलात कामाच्या पोरांवर नेहमी लागू पडणारी युक्ती काढली.

“मला सगळं कळलंय. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“मग बरंच झालं काकू,” हुमेरा म्हणाली. “मला सांगायला नको.”

अनितानं दरडावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, वॉर्डनचं नाव घेऊन पाहिलं. पोरगी ताकास तूर लागू देईना. शेवटी म्हणाली, “तुम्ही कोमलच्या आई आहात, मला तुमचा मान आहे. पण तिचं काही सांगायचं झालं तर ती सांगेल. मी नाही.” अनिता परतीच्या जीपमध्ये बसली ती मनातल्या मनात तिला नावं ठेवत. इतकं घट्ट तोंड मिटून बसलेली म्हणजे आत नक्कीच काळंबेरं. तळेगाव येईपर्यंत तिनं तीन वेगवेगळी पापं कल्पून ठेवली होती.

शुक्रवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, कोमलला बोलावलं. पंच होते, आई होती. पाळकसाहेबांनी आढेवेढे न घेता विचारलं, “बाळ, तिथं शपथ घेतलीस का?”

“होती शपथ, कागदावर लिहिलेली,” कोमल म्हणाली. “मी म्हटलं, आमच्यात शपथ वाहत नाहीत. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. मी नुसतं हो म्हटलं. हुमेराताईनं पण कागदावरची शपथ म्हटली नाही, तीसुद्धा नुसतं हो म्हणाली, मी एकटी पडू नये म्हणून. त्यात कुठल्याच देवाचं नाव नव्हतं. आजारी बहिणीला एकटं सोडायचं नाही आणि तिचं बाहेर सांगायचं नाही, एवढंच.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“मी माझ्यापुरतं सांगू शकते साहेब, इतर मुलींचं नाही. पण कुणी विचारलंच नाही. सोडलंस का, एवढंच विचारलं.”

पंचांनी घसा साफ केला आणि नाव यादीत परत आलं. अनिता खुर्चीत बसून होती. पोरीनं त्या बंद खोलीत, परक्या मुलींमध्ये, प्रभूचा शब्द पाळला होता. आणि आपण आपल्या बायकांमध्ये, उघड्या दारात, काय केलं होतं? तिला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

रविवारी बिशप आले. कोमल पांढऱ्या साडीत गुडघ्यावर बसली, डोक्यावर हात ठेवला गेला, तिनं प्रभुभोजन घेतलं. अनिताला हुंदका आवरला नाही. मग हॉलमध्ये चहा, आणि चहानंतर रिवाजाप्रमाणे दृढीकरण झालेल्या मुलींना स्त्री संघात घेण्याचा कार्यक्रम. रतनबाईंनी मेणबत्ती पेटवून कोमलच्या हातात दिली. सेक्रेटरी म्हणून अनिता सभासदांची वही उघडून बसली होती. वचन वाचून दाखवलं गेलं: बहिणींसाठी प्रार्थना करीन, त्यांची दुःखं आपली मानीन, त्यांचं गुज जपून ठेवीन.

“म्हण व्हय, बाळा,” रतनबाई म्हणाल्या.

“एक विचारू?” कोमल म्हणाली. “इथं सांगितलेलं इथंच राहतं का?”

“राहतं की गं. न राहायला काय झालं?”

कोमल रतनबाईंकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं कशाबद्दल चाललंय, म्हणून तर सगळ्या जणी चहाच्या कपात बघायला लागल्या. अनितानं पेन खाली ठेवलं. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द रतनबाईंनी आधीच बोलून ठेवला होता.

“नाही राहत,” अनिता म्हणाली. “तुझं मीच बाहेर नेलं. प्रार्थनेचा विषय म्हणून नेलं.”

कोमलनं मेणबत्ती शेजारच्या मुलीकडे दिली. “मग मी अजून थोडी थांबते,” असं हळूच म्हणाली. अनितानं वही पुढं सरकवली आणि दुसऱ्या मुलीचं नाव लिहून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

दुपारी ती कोमलला स्टेशनवर सोडायला गेली. पुण्याची लोकल फलाटावर लागली होती. बॅग उघडून बघायचा हात अनितानं आवरला.

“पुन्हा ताप आला तर मला सांगशील?”

कोमलनं आईच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“बघू,” ती म्हणाली, आणि डब्यात चढली.