शेवटच्या माणसाला पहिलं पाणी

माणूस घर सोडतो तो मानवजातीला काहीतरी देण्यासाठीच, असं बारामतीच्या एसटी स्टँडवर आम्हाला सांगण्यात आलं. सांगणाऱ्या पाहुण्यांकडे माइक नव्हता. मधेच मुंबई गाडीचा पुकारा झाला आणि मानवजात त्यात बुडाली. मी घर सोडत होते ते कॉलेजच्या यादीतल्या एका मुलीला आयत्या वेळी कावीळ झाली म्हणून. राखीव म्हणून माझाही पासपोर्ट काढून ठेवलेला होता. तिचे डोळे पिवळे झाले आणि मी टांझानियाला निघाले.

आम्ही पाच विद्यार्थी आणि एक सर. ग्रामीण विकास हा आमचा विषय, आणि गरीब देशांनी एकमेकांकडून शिकावं अशी ज्या परदेशी संस्थेची इच्छा होती तिने तिकिटं काढली होती. भर मे महिन्यात आमच्या खांद्यांवर लोकरीच्या शाली घातल्या गेल्या. फोटो निघाले. आई गावाहून, अंथुर्ण्याहून, आलीच नव्हती. म्हैस विणार होती आणि म्हशीला राखीव कुणी नसतं. तात्या, म्हणजे माझे वडील, आले होते, पण गर्दीच्या मागे, फळांच्या गाड्यापाशी उभे होते. सगळे हार घालून झाल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "तितं गेल्यावर शेवटाला कोन हाय ते आधी बघ. मधल्यांचं भागतंय मधी."

हे वाक्य समजायला आमचं रान माहीत हवं. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. तात्यांनी ती विकून कॅनॉलच्या चारीवर थोडी जमीन घेतली, आणि उशिरा घेणाऱ्याला मिळते तशी ती चारीच्या अगदी शेवटाला मिळाली. पाण्याची पाळी सुटली की वरचे आधी भिजवतात, पुन्हा एकदा भिजवतात, मग त्यांच्या पाहुण्यांचं भिजतं. आमच्यापर्यंत येतो तो चिखल आणि निरोप. एखाद्या वर्षी कॅनॉलच्या साहेबांच्या मनात आलं की पाळी शेवटाकडून वर सुरू व्हायची. त्या वर्षी आमच्या घरात दिवाळी दोनदा व्हायची. शेवटापासून सुरुवात, यापलीकडचा न्याय आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता.

गावच्या ज्या लोकांना मी हे लिहिते आहे त्यांतले निम्मे अजून त्या चारीवर आहेत. उरलेले पुण्यात, दुबईत, कुठे कुठे पोचले. तुम्हा सगळ्यांना एवढं तरी पटेल.

टांझानियातलं ते गाव डोंगराच्या उतारावर होतं. माथ्यावर झरा, पायथ्याला डांबरी रस्ता, मधे केळी आणि कॉफी. झऱ्याचं पाणी पाइपाने खाली आणायचं आणि वाटेत ठिकठिकाणी नळ काढायचे, हे आमचं काम. मला राहायला दिलं होतं सगळ्यात वरच्या घरात, रेहेमा मामाकडे. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात, आणि ती मला बिंती म्हणायची, म्हणजे पोरी. ती विधवा होती. तिचा नवरा घरामागच्या केळीतच पुरलेला होता. रोज सकाळी ती तिकडे जाऊन काहीतरी बोलून यायची, बहुतेक तक्रारच असावी, कारण आवाज चढलेला असायचा.

तिचा गुडघा गेला होता. झरा वर अर्ध्या तासाच्या चढावर, आणि तिला तो चढ होत नव्हता. शेजारणी झऱ्यावरून परतताना तिच्या दारात एक बादली ठेवून जायच्या, त्यावर तिचं चाले. अरुशा शहरात तिची मुलगी होती. आई, माझ्या खोलीवर चल, असा तिचा धोशा होता. मामाने तिला कळवलं होतं की दारात नळ आला तर मी येत नाही, आणि नाही आला तर तू म्हणशील तसं. त्यामुळे आम्ही खणत असलेला चर माझ्या दृष्टीने विकासाचा वगैरे नव्हता. तो एका बाईला तिच्या केळीत ठेवण्याचा चर होता. ती रोज दुपारी काठीवर येऊन तो किती पुढे सरकला ते पाहायची, आणि आमच्यातल्या पोरांच्या कुदळी मारण्यावर हसायची. "हा तुमच्याकडे अभ्यासात पहिला येतो का?" असं तिने एकाबद्दल विचारलं होतं. तो खरंच पहिला यायचा.

पाइप पुरून झाले तशी झाडाखाली सभा भरली. पाणी थोडं, नळ पुष्कळ, तेव्हा वाटणी कशी करायची हा प्रश्न होता. सर उठले. सर इंदापूरकडचेच, तेही शेवटाच्या रानातले. त्यांनी हात उंचावून सांगितलं की आमच्या भूमीत एकच नियम आहे, शेवटच्या माणसाला पहिलं पाणी. सकाळी आधी सगळ्यात खालचा नळ उघडायचा. खालच्यांनी पुरे म्हटलं की त्याच्या वरचा. असं करत शेवटी माथ्यावरचा. आम्ही पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. मला तात्या आठवले, आणि खोटं कशाला सांगू, सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच होत्या. गावातल्या कुणी वाजवल्या नाहीत. खालचे तर आश्चर्याने एकमेकांकडे बघत होते. रेहेमा मामाने उठून काहीतरी लांबलचक विचारलं. दुभाष्याचं काम करणारे शाळामास्तर म्हणाले, त्या आभार मानताहेत.

पुढे जे कळलं ते आम्हाला आधी दिसायला हरकत नव्हती, कारण ते रोज समोरच उभं होतं. डोंगरावर वर राहतात ते गरीब. खाली, रस्त्याला लागून, राहतो तो दुकानदार, गेस्ट हाउसवाला, वीटभट्टीवाला. आम्ही मोठ्या कळकळीने शोधून काढलेला शेवटचा माणूस हमिसी नावाचा होता आणि त्याच्याकडे लॉरी होती. शिवाय पाटात वरचा माणूस पाणी अडवतो, तर पाइपात खालचा ते ओढून घेतो. खालची तोटी उघडी असली की वरची सुकी राहते. हे सगळं आमच्या अभ्यासक्रमात होतं. पण जन्मभर ज्याची चारी कोरडी राहिली त्याला जगात दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनेही पाणी चोरीला जातं हे सुचत नाही.

उद्घाटन खालच्या नळावर झालं, कारण पाहुण्यांच्या मोटारी तिथपर्यंतच येत होत्या. झऱ्यावर सिमेंटची पेटी बांधून तिला कुलूप लावलं, घाण पडू नये म्हणून. किल्ली गावाच्या पाणी समितीकडे, म्हणजे झऱ्यावर थेट बादली भरणंही बंद. मग पाऊस संपला. नियमात टाकीबद्दल काही नव्हतं, म्हणून खालच्यांनी टाक्या बांधल्या. टाकी भरेपर्यंत पुरे म्हणायचं कारण नव्हतं आणि विटांच्या भट्टीमुळे टाकी भरायचं कारण नव्हतं. वरच्या बाया पलीकडच्या ओढ्याला जायला लागल्या, झऱ्यापेक्षा दुप्पट लांब, आणि मामाच्या दारातली बादली बंद झाली. कुणाचा वाईटपणा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरीच पाणी पुरत नव्हतं.

मामा रोज सकाळी नव्या नळाखाली बादली लावून स्टुलावर बसे. नळातून नुसती हवा फुसफुसे. "बोल, बोल," ती त्याला म्हणे, लहान पोराला म्हणावं तसं. दुपारी मी ओढ्यावरून आणलेलं पाणी त्याच बादलीत ओतायची आणि ती माझ्याकडे न बघता नळाकडेच बघत राहायची. आमचे सहा महिने संपत आले होते. मी गेल्यावर तेही पाणी बंद होणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मुलगी येऊन घेऊन जाणार असा निरोपही आला होता.

मी सरांना गाठलं. सर म्हणाले, तत्त्व बरोबर आहे, अंमलबजावणीत थोड्या अडचणी असतात. आमच्या कामाचा अहवाल तोवर रवाना झाला होता आणि तत्त्व त्याच्या मुखपृष्ठावर होतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, नियम सभेने केला, सभाच बदलेल, आणि सभा कॉफीची तोडणी झाल्यावर. शेवटी मी हमिसीकडे गेले. त्याने खुर्ची दिली, आल्याचा चहा दिला. दिवसातले दोन तास तेवढी तोटी बंद ठेवा, एवढंच मी मागत होते. जवळजवळ रडतच मागत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण नियम फार चांगला आहे. आम्हाला आजवर कुणी शेवटचं समजलं नव्हतं."

रविवारी अंथुर्ण्यात स्टँडजवळच्या बूथवर तात्या येऊन बसायचे, तसं ठरलेलं होतं. मी खाली पोस्टातून फोन लावला. माझा आवाज परत माझ्याच कानात येत होता.

"तात्या, खालच्यांचं पानी दोन तास तोडायचं हाय. लोकान्ला कसं सांगू?"

"खालचं म्हंजी शेवटाचं?"

"व्हय."

मग ते म्हणाले, "शेवटाचं पानी तोडाया म्या तुला धाडलं न्हाय, सुमे."

मी डोंगर सांगितला, पाइप सांगितला, लॉरी सांगितली. कुलूप सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकलं. बूथमधला पंखा मला ऐकू येत होता.

"आन् वर कोन ऱ्हातंय?"

"एक बाई हाय. एकलीच."

"वर, आन् पानी न्हाय?"

"न्हाय."

"मला न्हाय बा ह्ये समजत," तात्या म्हणाले. "तुझं तू बघ."

ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. मला न समजलेलं आजवर त्यांना समजत आलं होतं, आणि त्या भरवशावर मी इतकी लांब आले होते. रिसीव्हर ठेवला आणि पोस्टाच्या बाकावर बसून राहिले. तिथल्या कारकुनाने, घरी कुणी गेलं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तरी तो "पोले" म्हणाला. दुसऱ्याला लागलं, दुखलं, ठेचकाळलं की तिकडे पोले म्हणतात. चूक आपली नसली तरी म्हणतात.

मुलगी आली ती हमिसीच्या लॉरीतून. सामान म्हणजे गादी, दोन कोंबड्या, स्टूल. हमिसीने भाडं घेतलं नाही. त्याने स्वतः गादी खांद्यावरून खाली नेली. मामा केळीत गेली. त्या दिवशी आवाज चढला नाही. परत येऊन तिने दाराला कुलूप लावलं आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "पोले, बिंती. तुझ्या गावात गरीब लोक खाली राहतात, हे मला आधी सांगितलं असतंस तर मी घर खालीच बांधलं असतं." मग काठीवर हळूहळू उतरत गेली. लॉरी दिसेनाशी होईपर्यंत नळ फुसफुसत होता.

बारामतीला परत सत्कार झाला. सरांनी स्लाइड दाखवल्या. त्यांतल्या एकीत मामा चराजवळ हसते आहे. "लाभार्थी," सर म्हणाले. तात्यांनी घरी त्या गावाचा विषय काढला नाही, मीही नाही. पण ते चारीवर जायला निघाले की थबकून माझ्याकडे बघायचे, जणू चारीबद्दलही आता मला काहीतरी वाईट ठाऊक असेल. थोड्याच दिवसांत त्या परदेशी संस्थेचं पत्र आलं. अहवाल आवडला होता. अरुशाच्या ऑफिसात जागा होती. मी गेले. या वेळी स्टँडवर कुणी भाषण केलं नाही, त्यामुळे गाडीचा पुकारा नीट ऐकू आला.

चार वर्षं झाली. भाऊ बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला, मोटारसायकलवर जातो-येतो. चारीची आठवण तो फोनवर मुद्दाम काढत नाही. मी दुपारी उगाली खाते, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि त्याच्याबरोबर आईने धाडलेली शेंगदाण्याची चटणी. मागच्या वर्षी अंथुर्ण्यात शेजारणीला ठेच लागली तेव्हा माझ्या तोंडून पोले निघालं. बायका हसल्या. आई हसली नाही; पोरगी गेली हे तिला त्या शब्दात कळलं असावं.

रविवारी मी रेहेमा मामाकडे जाते. मुलीची खोली दुसऱ्या गल्लीत, मागच्या अंगाला. पाणी हातगाडीवाल्याकडून डब्याने येतं. मामा आता दाराबाहेरही क्वचित पडते. केळी कशी आहेत, एवढंच विचारते. घर म्हणजे जिथल्या पाण्याची वेळ आपल्याला ठाऊक असते, असं मी पूर्वी कुणालाही सांगितलं असतं. अंथुर्ण्यातली वेळ आता मला ठाऊक नाही, आणि अरुशातली नगरपालिकेलाही नाही. मग मामाच्या खोलीत आम्ही दोघी बसतो, तिला माझी चारी दिसत नाही आणि मला तिची केळी दिसत नाहीत, आणि त्याला काय म्हणायचं ते आम्ही ठरवलेलं नाही. माझ्यासारखे जे गेले त्यांनी ठरवलं असेल तर कळवावं.

गेल्या महिन्यात कामानिमित्त त्या गावात गेले होते. सभा अखेर भरली. नियम बदलला. आता आधी वरचा, मामाच्या दारातला नळ, थेट बारा वाजेपर्यंत, मग खालचे. परत आल्यावर मी मामाला सांगितलं. तिने विचारलं, पाणी चांगलं येतं का? चांगलं येतं, म्हटलं. तिने गुडघ्यावर हात फिरवला आणि मग केळीबद्दल विचारलं.

तिच्या घराचं सध्या पाणी समितीने ऑफिस केलं आहे. ते दुपारी दोनला उघडतं.