पैलवानांची वाटणी

आमच्या गल्लीत केबल आली त्या वर्षी धुळ्यात बबलगम चघळणारी पोरं एकदम वाढली. गम भिकार होता. पण प्रत्येक पाकिटातून परदेशी पैलवानाचा एक पत्ता निघायचा: फोटो, उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या. मी आणि शेजारच्या कंडक्टरांचा मुलगा, आम्ही दोघांनी मिळून एकच जुडी जमवली होती.

खेळण्याआधी पत्ते निवडायचे. जुडी पालथी ठेवायची. पाळी आली की वरचा पत्ता एकट्याने बघायचा. आवडला तर ठेवायचा आणि त्याखालचा न बघता बाद करायचा. नाही आवडला तर तो बाद, आणि पुढचा येईल तो मुकाट्याने घ्यायचा. मग दोघांनी आपापले पैलवान एकमेकांवर सोडायचे; ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. हरणाऱ्याने मूठ पुढे धरायची, जिंकणाऱ्याने जुडीच्या कडेने तिच्यावर हाणायचं, रक्त दिसेपर्यंत. टीव्हीवरचे पैलवान खोटं खोटं मारतात असं मोठी माणसं म्हणत. आमच्याकडे तसली फसवणूक नव्हती.

निवडीवरूनही मारामाऱ्या होत. बाद पत्ता चोरून बघितला म्हणून त्याने माझं डोकं नळाच्या ओट्यावर आपटलं. मी त्याच्या दंडाला असा चावलो की त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. संध्याकाळी जुडी पुन्हा पालथी.

मग त्याच्या वडिलांची जळगावला बदली झाली आणि जुडी कायमची वाटायची वेळ आली. कमरेला सोनेरी पट्टा बांधलेला चॅम्पियन एकच होता, आणि तो दोघांनाही हवा होता. सामानाचा ट्रक दारात उभा आणि आम्ही एकमेकांच्या झिंज्या धरलेल्या.

गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष नाना मध्ये पडले. निवडणूक कधी झाली नव्हती, त्यामुळे ते हरलेही नव्हते. त्यांनी आधी खुर्ची मागवली.

"आपल्या गल्लीला न्यायाची परंपरा आहे," नाना म्हणाले. "एकाने दोन वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. अन्यायाला जागाच नाही."

ते टाळ्यांसाठी थांबले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"मी वाटस," मित्र म्हणाला. त्याने एका बाजूला एकटा चॅम्पियन ठेवला आणि दुसऱ्या बाजूला उरलेली अख्खी जुडी. त्याचा हिशेब सरळ होता. एका पत्त्यासाठी अख्खी जुडी कोण सोडेल?

"उचल ना भो. बठ्ठा तुना शेतस." सगळे तुझेच म्हणे, आणि बोट जुडीकडे.

त्याला चॅम्पियन हवा होता, एवढं मला पुरेसं होतं. मी चॅम्पियन उचलला.

"येड्या! एक पत्ता लिसन काय करशी?" आणि त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली.

माझा पुढचा दात हलला. मी त्याच्या पोटात गुडघा घातला, त्याला खाली पाडलं आणि नाकावर ठोसे मारत सुटलो. त्याने विटेचा तुकडा उचलला. तो हिसकावून मी त्याच्याच भुवईवर हाणला. भुवई फाटली. "शांतता, शांतता!" करत नाना मध्ये आले, कुणाचं तरी कोपर त्यांच्या चष्म्यावर बसलं आणि ते खुर्चीसकट आडवे झाले.

कंडक्टरांनी पोराला कॉलर धरून उचललं, दोन थोबाडीत दिल्या आणि ट्रकमधल्या गाद्यांवर फेकलं. पाठोपाठ त्याच्या आईने जुडी त्याच्या अंगावर भिरकावली.

"वाटणी सर्वानुमते पार पडली," नानांनी जमिनीवरूनच जाहीर केलं. त्यांच्या चष्म्याला आता एकच काच होती.

ट्रक सुटला. मित्र गाद्यांवर उठून बसला. एक डोळा रक्ताने मिटलेला, हातात जुडी.

"आते कोनासंगे खेळशी रे?"

माझ्या मुठीत चॅम्पियन होता आणि तोंड रक्ताने भरलेलं. कोपऱ्यावर त्याने तेच पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू, आणि ट्रक वळला.